घडीची जागा

वाल्गाच्या शाळेत, तळघरातल्या डाव्या खोलीत,
चारशे बारा गॅसचे मुखवटे माझ्या नावावर होते.
सगळे लहान मापाचे.
विषारी वायू आला तर मुलांनी घालायचे.
वायू आला नाही.
मुलं आली, उंच झाली, गेली.
मी दर एप्रिलला खोकी उघडायची,
टाल्क भुरभुरायची, पुन्हा झाकायची.
खोलीला बाळाच्या अंगाचा वास यायचा
आणि त्याखाली, जरासा, गंधकाचा.

पहिल्या वर्षी शिकवायला गोर्देयेव आला होता.
म्हणाला, हे रबर बटाट्याच्या दारूपासून करतात.
खरं-खोटं त्यालाच ठाऊक;
दारूबद्दल मात्र तो अधिकाराने बोलायचा.
जाताना त्याने भिंतीवर नियम टांगले:
उजेड नको. ऊब नको.
तेलकट हात नको, तांब्याची तार जवळ नको,
शेजारी मोटर चालवायची नाही,
तिच्या ठिणग्यांनी ओझोन होतो.
एवढी बडदास्त मी सासूचीही ठेवली नव्हती.
हवा नको, असं मात्र कुठे लिहिलं नव्हतं.
कसं लिहिणार?
ती तर त्या खोलीत माझ्याही आधीपासून होती.

सहाव्या एप्रिलला पहिली चीर दिसली.
कपाळावर, आडवी,
खोक्यात बसावा म्हणून दुमडला होता
नेमकी तिथे.
मग दुसऱ्यावर. मग सगळ्यांवर, त्याच जागी.
ताणलेल्या कातडीलाच हवा आधी डसते,
हे मला फार उशिरा कुणीतरी सांगितलं.

गरम पाण्याच्या पाइपाजवळचे वेगळ्या वाटेने गेले.
पाघळले, एकमेकांत रुतले,
एकाचा गाल दुसऱ्याच्या गालातून सुटेना.
दाराजवळचे कडक झाले,
बोट लावलं की पापडासारखे मोडत.
एका कारखान्याचे, एकाच महिन्याचे भाऊ;
कुणी रडून संपला, कुणी न बोलता.

वहीत मी लिहीत राहिले:
चारशे बारा, सुस्थितीत.
चिकटलेले मोजणार तरी कसे?
आणि वर ज्यांना ती वही जायची
त्यांच्या कपाटातही काहीतरी पाघळत असणारच.

त्र्याण्णव साली नगरपालिकेचा ट्रक आला.
नवा देश, नवे शिक्के.
पोरगेलासा कारकून फावड्याने सोडवत मोजत होता.
चारशे अकरा, म्हणाला.
एक कमी आहे, बाई. जाऊ द्या.
मी जाऊ दिलं नाही.
रात्रभर कुशी बदलत तो एक शोधत राहिले.

सापडला ऑक्टोबरात,
आमच्याच घरच्या तळघरात, बटाट्यांच्या मागे.
खारवलेल्या काकड्यांच्या बरणीला घातलेला.
माइडोने, आठ वर्षांचा असताना,
बहिणीला घाबरवायला पळवून आणला असणार
आणि मग खेळ विसरून गेला असणार.
काचेच्या गोल डोळ्यांतून काकड्या बघत होत्या.
मी गाल दाबला.
दबला,
आणि परत वर आला.

काळोख होता, गारवा होता, कबूल.
काळोख शाळेतही होता.
पण याच्या आत काहीतरी होतं,
गोल, काठोकाठ भरलेलं.
घडी पडायला जागाच नव्हती.

माइडो आता तुर्कूला फरश्या बसवतो.
फोनवर म्हणाला, कुठला मुखवटा?
खरंच आठवत नव्हतं त्याला.
मग विचारलं, काकड्या कशा निघाल्या?
लिबलिबीत झाल्या होत्या, अंगणात ओतून दिल्या.
छान होत्या, मी म्हटलं.
सवय.

बरणी धुऊन, पाणी भरून,
मुखवटा तिच्यावरच ठेवलाय, खाली, बटाट्यांपाशी.
दर एप्रिलला जाऊन गाल दाबते.
यंदा वर यायला
थोडा वेळ लागला.